माझ्या वडिलांचं अमेरिकेतलं लग्न

माझे वडील वारल्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांचं अमेरिकेत दुसरं लग्न झालं. ते मीच लावून दिलं.

मुद्दाम नाही हो! मुद्दाम कोण आपल्या स्वर्गवासी वडिलांचं लग्न लावतो? (आणि तेही स्वर्गवासी आईला न विचारता!) पण झालं खरं, आणि त्याला जबाबदार मीच, असं आमच्या घरात बहुमतानं ठरलं आहे. घरात आम्ही तिघं राहतो: मी, माझी बायको सुनंदा आणि माझी बेबीआत्या. बहुमत कोणाचं, हे आपल्या लक्षात आलंच असेल.

सुरुवात झाली आमच्या मृणालपासून. ही आमची एकुलती एक मुलगी. शिकायला म्हणून अमेरिकेत ओहायोला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. एक दिवस सकाळी फोन आला.

"बाबा, मला एक मुलगा आवडला. केलब नाव आहे."

"अरे वा! कुठचा?"

"इथलाच."

मी पुढे काही विचारणार तेवढ्यात सुनंदानं फोन ओढून घेतला. "वांगं खाते का तो?" ती म्हणाली. जावयाबद्दल तिला इतर काही जाणून घ्यायचं नव्हतं. खातो म्हटल्यावर तिच्याकडून लग्न ठरल्यात जमा होतं. माझ्याकडून तर काय, माझं मत आमच्या घरात शोभेसाठीच असतं.

प्रश्न होता तो बेबीआत्याचा. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ऐंशी कधीच ओलांडलेली, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मृणालला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं, मृणाल तिला आजीच म्हणते. आमचं मूळ गाव खापा. माझे वडील, गोविंदराव, लहानग्या आत्याला बैलबंडीत घालून खाप्याहून नागपूरला आले ते कायमचे. त्या बंडीचे बैल चांद्या आणि कवड्या जाऊन जमाना लोटला. तरी आत्या दर पोळ्याला आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या टेबलावर मातीची जोडी मांडते, त्यांना कुंकू लावते आणि "खा बाबा चांद्या, खा बाबा कवड्या" म्हणून पुरणपोळी भरवते. चौथ्या मजल्यावर!

तर मृणालनं सांगूनच टाकलं होतं, "आजी नाही म्हणाली तर मी लग्न करणार नाही." आणि आजी नाहीच म्हणत होती.

"पोट्टा चांगला असंन, मी कोठी नाही म्हणून राहिली?" आत्या म्हणाली. "पण घरानं? आपण सोयरिक करतो तं चार गावं फिरून चौकशी करतो. त्याहीच्या गावात कोण जाईन चौकशीले? तू जाशीन?"

मी कळमेश्वरच्या पुढे एकटा गेलो तरी रस्ता चुकतो, हे तिला माहीत आहे.

यावर मृणालनं उपाय काढला. केलबची आई मार्था, आणि मार्थाची आई रूथ. या रूथआजींनी म्हणे आयुष्यभर एकच नाद केला. त्यांचे पूर्वज जेव्हा तिकडे नुसतं रान होतं, ना रस्ता ना गाव, तेव्हा तिथे जाऊन वसलेले. त्यांतला एकेक माणूस हुडकून आजींनी वंशावळीच्या एका वेबसाइटवर मांडून ठेवला होता. पार मूळ पुरुषापर्यंत! "हेच दाखवा ना बाबा आजीला," मृणाल म्हणाली. "आणि रूथआजीची इच्छा आहे, आपल्या घरचे लोकही त्यात जोडावे. मी करून टाकते."

"तू राहू दे," मी म्हणालो. "हे माझं काम आहे."

इथे माझी पार्श्वभूमी सांगणं भाग आहे. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कंपनीचं स्टोअर मी आयुष्यभर सांभाळलं. नट असो, बोल्ट असो, वायसर असो, प्रत्येक वस्तूला रॅक हवा आणि प्रत्येक रॅकला लेबल हवं. माझ्या स्टोअरमध्ये कधी एक वस्तू बेवारस पडलेली कोणी पाहिली नाही. पूर्वज म्हणजे तरी काय? जुना स्टॉकच की!

मी ऐटीत कॉम्प्युटरसमोर बसलो. भिंतीवरच्या माझ्या बाबांच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला (चंदनाच्या हारासकट, कारण हार काढायचा म्हणजे स्टूल आणावं लागलं असतं) आणि चढवला. आई चढवली, मी चढलो, सुनंदा, मृणाल, सगळे आपापल्या रॅकमध्ये बसले. मृणालच्या बाजूला केलब बसवला. आता राहिली केलबची आई, मार्था. स्क्रीनवर प्रश्न आला: ही व्यक्ती तुमची कोण?

विहीण! सोपं आहे.

मी यादी उघडली. आई होती, वडील होते, पती, पत्नी, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी होती. विहीण नव्हती. मी खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं. व्याहीही नव्हता. एवढा मोठा देश, चंद्रावर जाऊन आला, आणि त्यांच्याकडे विहिणीला रॅकच नाही! मग त्यांच्याकडे लग्नात रुसतं कोण?

"सुनंदा," मी हाक मारली, "विहिणीले कोठी ठेवू वं?"

"डोक्यावर ठेवा," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "आपल्याले पोरगी द्याची आहे."

डोक्यावर ठेवायचा रॅकही यादीत नव्हता. वस्तूचा रॅक नसेल तर जवळच्या रॅकमध्ये ठेवावी, हा स्टोअरचा नियम. मी त्या बाईंना पहिल्या फोनपासून मार्थाताई म्हणत आलो होतो. जवळचा रॅक कोणता? मी 'बहीण' दाबलं.

लगेच पुढचा प्रश्न आला. मार्थाची आई रूथ. ती तुमचीही आई आहे का? आता मला सांगा, एका म्हाताऱ्या माउलीबद्दल कोणी असं विचारलं तर संस्कारी माणूस काय म्हणेल? "नाही, माझी कोणी नाही" म्हणेल? मी 'हो' दाबलं. त्यानंतर पटापट चारपाच प्रश्न आले, आणि मी त्याच आदरानं सगळ्यांना 'हो' म्हणत गेलो. लग्नाच्या बोलण्यात आपण नाही म्हणायचं नसतं, मुलीकडचे आहोत!

शेवटी स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. अभिनंदन! आणि माझ्या नावामागे एकदम माणसंच माणसं उगवली. कोणी इझेकिएल, रानात झाडं तोडून ओंडक्यांचं घर बांधणारा. कोणी जोनाथन, अस्वलाशी झुंज घेतलेला. मी वाचत गेलो आणि काय झालं कळलं नाही, माझी छातीच फुगली. मुलाकडची मंडळी म्हणून वाचायला घेतलं होतं, संपेपर्यंत ती आपलीच वाटायला लागली. स्क्रीन तर तसंच म्हणत होती! एवढी मोठी वेबसाइट खोटं कशाला बोलेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत फिरताना मी आमच्या वानखेड्यांना सांगितलं, "आमच्या एका पणजोबांनी अस्वल लोळवलं होतं."

वानखेडे थांबले. "खाप्यात?"

"नाही. ओहायोत."

"तुमचे पणजोबा तं बंडी हाकत होते ना गा?"

"ते वेगळे पणजोबा," मी म्हणालो. वानखेड्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि ऊन वाढायच्या आत घरी जा म्हणाले.

घरी गेलो तर आत्या कॉम्प्युटरसमोर चष्मा लावून बसलेली. रात्री मी तो बंदच केला नव्हता. तिचं बोट स्क्रीनवर टेकलेलं होतं.

"परभ्या, हा आपला गोविंदा ना?"

"हो आत्या."

"मंग ह्याच्या बाजूले हे गोरी बाई कोण बसली?"

मी वाकून पाहिलं. बाबा चंदनाचा हार घालून बसले होते. त्यांच्या एका हाताला आई. आणि दुसऱ्या हाताला, हसऱ्या चेहऱ्याच्या, पांढऱ्या केसांच्या रूथआजी. खाली एक शब्द लिहिला होता. मी तो तीनदा वाचला.

"पत्नी," मी म्हणालो.

कुकरचीही शिटी थांबली.

"एका सासूत माही कंबर मोडली," सुनंदा दारातून म्हणाली, "आता हे दुसरी कोठून आणली तुमी?"

"अगं, मी नाही आणली! मी फक्त 'हो' दाबलं!"

आत्या मात्र भलत्याच विचारात पडली होती. "गोविंदा एकडाव जबलपूरले गेलता," ती हळूच म्हणाली. "चांगला चार महिने. काम हाय म्हणे. मले तवाच शंका आलती!"

"आत्या, जबलपूरहून अमेरिका..."

"तू चूप बस. मले इचार करू दे." तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "हे रूथ गोविंदाची बायको. म्हंजे मार्था गोविंदाची पोरगी. म्हंजे तुही बहीण. म्हंजे तो पोट्टा केलब तुहा सख्खा भाचा! अन् मृणाल त्याच्या मामाची पोरगी!" तिचा चेहरा उजळला. "अवं सुनंदा, साखर आण! मामाची पोरगी, हक्काची! मी इकडे घरानं शोधून राहिली, अन् सोयरिक घरातल्या घरात!"

आता खरं म्हणजे मी तिथंच सांगायला हवं होतं. मला हळूहळू उमगायला लागलं होतं की स्टॉक कुठेतरी चुकीच्या रॅकमध्ये गेलाय. पण आत्या हो म्हणाली होती! महिनाभर नाही नाही म्हणणारी आत्या स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात साखर घालत होती. तोंडात साखर असताना माणूस खरं कसं बोलणार?

साखर विरघळायच्या आत फोन वाजला. मृणाल होती, आणि ती रडत होती की ओरडत होती ते कळत नव्हतं.

"बाबा! काय करून ठेवलं तुम्ही? मार्थाला मेल आला, अभिनंदन, तुमचा हरवलेला भाऊ सापडला! मग केलबला मेल आला की मी त्याची बहीण आहे! चुलत नाही, मावस नाही, सख्खी आतेमामे!"

"मग चांगलंच आहे ना," मी म्हणालो. "आत्या हो म्हणाली."

"बाबा, इथे असं लग्न म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो! मार्था दोन वेळा जेवली नाही. म्हणते, हे लग्न होऊ शकत नाही!"

फोन ठेवला आणि मी सोफ्यावर बसलो. म्हणजे परिस्थिती अशी होती: जोवर मार्था माझी बहीण होती, तोवर लग्नाला आत्या तयार होती आणि मार्था नव्हती. मार्था माझी बहीण नाही असं सांगितलं, की मार्था तयार होणार आणि आत्या फिरणार. एका विहिणीला रॅक मिळेना, त्यात माझ्या लेकीचं लग्न अडकलं.

रविवारी सकाळी दोन्ही घरांनी समोरासमोर बसायचं ठरलं, व्हिडिओ कॉलवर. सुनंदानं सांबारवडी, म्हणजे आमची कोथिंबिरीची वडी, तळून स्क्रीनसमोर ठेवली. ती तिकडे पोचणार नव्हती, पण पाहुण्यांसमोर रिकामी बशी तिला चालत नाही. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून मधोमध बसली. पलीकडे मार्था, चेहरा उतरलेला. मागे मृणाल आणि केलब, दोघांमध्ये एका माणसाचं अंतर राखून. आणि खुर्चीत शाल पांघरून रूथआजी.

"जेवला का गा?" आत्यानं भाच्याला विचारलं.

"मी जेवून राहिलो," केलब म्हणाला. त्याच्या समोर ताट नव्हतं. मृणालनं त्याला एवढंच शिकवलं होतं.

मी घसा साफ केला. मृणालकडे पाहिलं. पोरीचे डोळे सुजले होते आणि ते पाहून मला राहवेना. इंग्रजी जेवढं येत होतं तेवढं गोळा करून मी सांगून टाकलं की मार्थाताई माझ्या बहीण नाहीत, रूथआजी माझ्या आई नाहीत, माझे वडील जबलपूरच्या पुढे कधी गेले नाहीत, सगळी चूक माझी आहे.

मार्थानं दोन्ही हात आभाळाकडे जोडले. केलब मृणालच्या बाजूला सरकला. तिकडे दिवाळी झाली.

"काय म्हणून राहिला हा?" आत्यानं विचारलं.

सुनंदानं सांगितलं. कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

"म्हंजे भाचा नाही?"

"नाही आत्या," मी म्हणालो.

"हे रूथ आपली कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"मंग माहा होकार वापस." आणि आत्यानं हातातली वडी बशीत परत ठेवली.

मृणालनं मान खाली घातली. विनोदबिनोद सगळा बाजूला, त्या क्षणी मला ती वेबसाइट, तो कॉम्प्युटर आणि मी स्वतः, तिघांनाही गॅलरीतून खाली फेकावंसं वाटलं.

तेवढ्यात रूथआजींनी काहीतरी विचारलं. मृणालनं बारीक आवाजात सांगितलं, "आजी, त्या विचारतात, तुला काय जाणून घ्यायचं आहे? त्यांनाच विचार म्हणतात. सरळ."

आत्या पुढे सरकली. तिनं रूथआजींकडे, बाजारात भाजी निरखावी तसं निरखून पाहिलं.

"विचार तिले, त्याहीचा तो आजा रानात आला, तो कशात बसून आला?"

"बैलांच्या गाडीत," उत्तर आलं.

आत्या ताठ बसली. "बैलाचं नाव काय होतं?"

"आत्या!" मी म्हणालो. "दोनशे वर्षं झाली असतील! बैलाचं नाव कोणाच्या लक्षात..."

"बक आणि ब्राइट," रूथआजी म्हणाल्या. मृणालचं भाषांतर पुरं व्हायचीही त्यांनी वाट पाहिली नाही. आणि मग त्या सांगतच सुटल्या. बक गुणी होता. ब्राइट मोठा हट्टी. वाटेत नदी लागली तर ब्राइट मधोमध पाण्यात बसला तो उठेचना. आजोबा ओरडले, आजी रडली, पोरं भिजली, पण त्यांच्या घरात बैलाला मारत नसत. मग आजोबा पाण्यात उतरले आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन विनवण्या करत उभे राहिले. हे रूथआजींना त्यांच्या आजीनं सांगितलं होतं, तिला तिच्या आजीनं.

मृणाल सांगत होती आणि आत्याचे डोळे मोठे मोठे होत होते.

"अवं, कवड्या असाच!" ती एकदम ओरडली. "कन्हानच्या पाण्यात! मी बंडीत बसून रडून राहिली अन् गोविंदा त्याच्या कानात बोलून राहिला! सांग वं तिले! सांग, कवड्याबी असाच बसला होता म्हणा!"

पुढे दोन म्हाताऱ्या आपापल्या भाषेत आपापल्या बैलांची गाऱ्हाणी करत होत्या. मृणालनं भाषांतर करणं केव्हाच सोडून दिलं होतं. ती नुसती हसत होती आणि डोळे पुसत होती. मीही पुसले. (तळणाचा धूर होता.)

"परभ्या," शेवटी आत्या म्हणाली, "पोरगी देऊन टाक. ज्या घरानं इतक्या पिढ्या बैलाचं नाव ध्यानात ठेवलं, ते सुनेले इसरणार नाही." आणि तिनं वडी परत उचलली.

राहता राहिली वेबसाइट. मी सगळं नीट करतो म्हटलं, तर पलीकडून एका आवाजात "नको!" आलं. (मराठीत! केलबनंही!) ते काम मृणालनं हाती घेतलं. तिनं आधी माझ्या बाबांना रूथआजींच्या शेजारून उठवायला घेतलं, तर रूथआजीच आडव्या आल्या. असू द्या म्हणाल्या. डोळे मायाळू आहेत माणसाचे, आणि लग्नाचा हार किती छान दिसतो! तो हार कशाचा, हे त्यांना सांगायची हिंमत आमच्यापैकी कोणाची झाली नाही.

मग गुंता सोडवायचा कसा? मृणालनं बराच विचार केला आणि सांगितलं, "बाबा, सगळ्यांच्या मधला सांधा तुम्हीच आहात. तुमचं एक खोकं काढलं की मी केलबची मामेबहीण राहत नाही, सगळं सुटतं. तात्पुरतं हं!" तिनं ते उचलून एका कोपऱ्यात ठेवलं.

लग्न झालं, इथेच, मनीषनगरच्या हॉलमध्ये. केलबनं वांगं मागून घेतलं. रूथआजींना प्रवास झेपणार नव्हता, पण त्यांनी ती वंशावळ मोठ्या कापडावर छापून पाठवली होती, ती दाराशी टांगली. खाप्याहून आलेली मंडळी तिच्यासमोर उभी राहून बघत होती. गोविंदराव होते, हारासकट. रूथआजी, मार्था, केलब, मृणाल, मृणालची आई सुनंदा, सगळे होते. बेबीआत्या तर होतीच, आणि तिच्या आग्रहावरून चांद्या, कवड्या, बक आणि ब्राइटही होते.

"प्रभाकर, तुहं नाव कोठी हाय गा?" कोणीतरी विचारलं.

मी दाखवलं. अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, कोणाला रेघ न जोडलेलं एकटं खोकं. जन्मभर ज्यानं स्टोअरमध्ये एक वायसर बेवारस पडू दिला नाही, तो मी.

आता दर सोमवारी त्या वेबसाइटचा मला मेल येतो. लिहितात, या जगात तुमचं कोणी आहे का, शोधून देऊ का? मी 'नाही' दाबतो. 'हो' दाबायची मला घरातून बंदी आहे.